पावती हरवली, खर्च नाही

अगं, घर बदलताना कागदांचं एक खोकं गेलं म्हणून वर्षभराचा खर्च बुडाला असं धरून बसू नकोस. आणि ‘अंदाजे आकडा टाक, कोण विचारतंय’ असं सांगणारी एखादी मैत्रीण भेटेल, तिचंही ऐकू नकोस. मी नोकरीची सगळी वर्षं इथे बंगळुरूतच, एका सरकारी कारखान्याच्या हिशेबखात्यात काढली. लोकांची प्रवासबिलं, एलटीसीची (रजेतल्या प्रवास सवलतीची) तिकिटं, औषधांची बिलं, घरभाड्याच्या पावत्या, सगळं माझ्या टेबलावरून गेलं. ज्याचा कागद खरंच हरवला आहे आणि ज्यानं खर्चच केलेला नाही, हे दोघे बोलायला लागले की सारखेच वाटतात. फरक उघडा पडतो तो बाकीचे कागद मागितल्यावर. पहिल्याकडे पावती नसली तरी इतर चार खुणा निघतात. दुसऱ्याकडे काहीच निघत नाही, किंवा नेमकी एक कोरी करकरीत पावतीच निघते.

पावती शोधायला बसण्याआधी ती तुला लागते का, हे बघ. निम्मी धावपळ इथेच वाचते. एप्रिल ते सप्टेंबर २०२५ तू नोकरीत होतीस. त्या सहा महिन्यांत तू स्वतःच्या पैशानं खुर्ची घेतलीस, हेडफोन घेतले, ऑफिसला जायला कॅबवर पैसे घातलेस. यातला एकही रुपया पगारदार म्हणून वेगळा वजा करता येत नाही, मग पावती असो वा नसो. आपल्याकडे पगारदाराला या सगळ्यापोटी एकच ठोक रक्कम मिळते, तिला प्रमाणित वजावट म्हणतात. नव्या करपद्धतीत ती ७५,००० रुपये आहे, जुन्या पद्धतीत ५०,०००. तिला कागद लागत नाही आणि सहा महिनेच नोकरी केली तरी ती पूर्ण मिळते.

ही ठोक रक्कम का आली तेही लक्षात ठेव. २०१८ च्या अर्थसंकल्पाआधी पगारात वाहतूक भत्त्याचे वर्षाला १९,२०० आणि वैद्यकीय खर्चाचे १५,००० रुपये करमुक्त असायचे. त्या पंधरा हजारांसाठी बिलं द्यावी लागत. फेब्रुवारी उजाडला की औषधाच्या दुकानांतून बिलांचे गठ्ठे यायचे, आणि त्यातली कितीतरी कुणा आजारी माणसाची नव्हतीच. मला त्याचं फार वाईट वाटायचं, कारण ज्याच्या घरी खरंच दुखणं होतं त्याच्याही बिलाकडे मग संशयानं बघितलं जायचं. ते दोन्ही रद्द करून ४०,००० रुपयांची प्रमाणित वजावट आणली, पुढच्या वर्षी ती ५०,००० झाली. माझ्या मते पगारदारांच्या बाबतीत सरकारनं केलेली ही सगळ्यात शहाणपणाची सुधारणा आहे.

व्यवसाय कराचं तसंच. कर्नाटकात महिन्याला २०० रुपये कापतात, आणि एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रासारखे इथेही फेब्रुवारीत ३०० कापायला लागले. जुन्या पद्धतीत तो वजा होतो. त्याची पावती शोधू नकोस, पगारपत्रक आणि फॉर्म १६ वर तो लिहिलेला असतो.

तुझा मेलबर्नचा मामेभाऊ सांगेल, ‘आमच्याकडे ३०० डॉलरपर्यंतचा कामाचा खर्च पावतीशिवाय चालतो.’ त्याचं खरं आहे, ऑस्ट्रेलियात तशी सवलत आहे, तीसुद्धा खर्च खरंच झाला असेल आणि तो कसा मोजला हे सांगता येत असेल तरच. अमेरिकेत १९३० साली जॉर्ज कोहान नावाच्या नाटकवाल्याच्या खटल्यात न्यायालयानं म्हटलं होतं की खर्च झाला हे दिसतंय, पण नेमका आकडा नाही, तर वाजवी अंदाज धरा. पुढे १९६२ साली तिथल्या संसदेनं प्रवास आणि पाहुणचाराच्या खर्चापुरती ती मोकळीक काढून घेतली. इंटरनेटवर वाचलेले हे नियम इथल्या रिटर्नला लावायला जाऊ नकोस. आपला कायदा वेगळा आहे, आणि तुझ्यापुरता तो काही बाबतींत जास्त सोपाही आहे.

आता ऑक्टोबरनंतरचे सहा महिने. तू स्वतंत्रपणे सॉफ्टवेअरचं काम घेतेस, म्हणजे व्यावसायिक झालीस. माहिती तंत्रज्ञान हा कलम ४४एए खाली अधिसूचित व्यवसाय आहे, म्हणून तुला कलम ४४एडीए लागू होतं. २०१६-१७ पासून हे कलम आहे आणि तुझ्यासारख्यांच्या फार कामाचं आहे. वर्षाची एकूण जमा ५० लाखांच्या आत असेल, किंवा रोखीची जमा पाच टक्क्यांहून जास्त नसेल तर ७५ लाखांच्या आत असेल, तर जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची. उरलेली निम्मी हा तुझा खर्च, असं कायदाच धरतो. लॅपटॉपचा घसारा, इंटरनेट, वीज, प्रवास, सगळं त्यात आलं. वेगळं काही मागता येत नाही आणि वह्याही ठेवाव्या लागत नाहीत. हातात निम्म्याहून खूपच जास्त उरलं असेल तर जास्त दाखवायची सोय त्याच कलमात आहे, तेवढं सीएशी मोकळेपणानं बोल.

तू फोनवर सांगितलेले आकडे मांडून बघ. सहा महिन्यांचा पगार ६ लाख, त्यातून ७५,००० गेले, राहिले ५ लाख २५ हजार. कामाची जमा ९ लाख, तिचे निम्मे ४ लाख ५० हजार. बेरीज ९ लाख ७५ हजार. नव्या पद्धतीत २०२५-२६ साठी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७ए च्या सवलतीमुळे कर शून्य होतो. बँकेचं व्याज मिळवलंस तरी तू आतच आहेस. शेअर विकून नफा झाला असेल तर तो मात्र वेगळा धर, त्याला ही सवलत तशीच लागत नाही. तुझ्या ग्राहकांनी दहा टक्क्यांनी कापलेला ९०,००० रुपयांचा टीडीएस परत मिळायचा आहे. म्हणजे ज्या खोक्यासाठी तू रडकुंडीला आलीस, त्यातल्या एकाही कागदाची या वर्षी तुझ्या रिटर्नला गरज नाही.

पण म्हणून आता कागद ठेवायचेच नाहीत, असं समजू नकोस. पुढच्या वर्षी दोन मुलं हाताखाली घेशील, त्यांना पैसे देशील, आणि खर्च निम्म्याच्या वर जाईल. मग निम्म्याहून कमी नफा दाखवायचा तर वह्या ठेवाव्या लागतात, आणि उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर सीएकडून लेखापरीक्षणही करून घ्यावं लागतं. तेव्हा प्रत्येक कागद मोलाचा होतो. शिवाय जावईबापू जुन्या पद्धतीत आहेत, घरभाड्याची सूट घेतात, आणि त्यांच्या पावत्याही त्याच खोक्यात होत्या ना?

घरभाड्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बंगळुरूत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. जुन्या पद्धतीत तीन रकमांतली सगळ्यात लहान रक्कम करमुक्त असते: प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, भरलेल्या भाड्यातून पगाराचे दहा टक्के वजा जाता राहिलेली रक्कम, आणि पगाराचे चाळीस टक्के. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईला हे पन्नास टक्के आहेत. १९६१ च्या कायद्याखालच्या नियमांत बंगळुरू त्या चौघांत नाही, भाडी कितीही वाढोत. पगार म्हणजे इथे मूळ वेतन, आणि सेवाशर्तींत धरला जात असेल तर महागाई भत्ता, पूर्ण पगार नव्हे.

पावत्या गेल्या असतील तर ओनरकडे जा आणि सगळ्या महिन्यांची मिळून एक पावती मागून घ्या. तारीख आजचीच घाला, मागची घालू नका. ‘एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या काळाचं भाडं, दरमहा इतकं, बँकेतून मिळालं’ असं आज लिहून दिलेलं प्रामाणिक असतं. गेल्या एप्रिलची तारीख टाकून आज लिहिलेला कागद खोटा असतो, मग त्यातलं भाडं खरं का असेना. ओनर भेटत नसेल तर भाडेकरार, दर महिन्याच्या बँकेतल्या नोंदी, बेस्कॉमचं वीजबिल, सोसायटीच्या गेटवरची नोंद, घराच्या पत्त्यावर आलेली पत्रं, असं सगळं एकत्र करा. वर्षाला एक लाखाहून जास्त भाडं असेल तर ओनरचा पॅन कंपनीला द्यावाच लागतो. महिन्याला ५०,००० च्या वर असेल तर भाड्यातून कर कापून भरायची जबाबदारी तुमची, ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा दर दोन टक्के आहे. ओनर परदेशात स्थायिक असेल, आणि व्हाइटफील्डच्या बाजूला असे पुष्कळ आहेत, तर नियम निराळे आणि कडक आहेत. तिथे ५०,००० ची मर्यादाच नाही. भाडं द्यायला सुरुवात करण्याआधीच सीएला विचारायचं.

भाडं नेमकं कुणाच्या खात्यातून जातं ते बघ. सूट जावईबापू घेणार आणि पैसे दरमहा तुझ्या खात्यातून जाणार, हे कागदावर जुळत नाही. आणि इथली ती दहा-दहा महिन्यांच्या भाड्याएवढी अ‍ॅडव्हान्सची रक्कम भाड्यात मिळवायची नाही. घर सोडताना रंगकामाचे म्हणून कापून घेतले तेही भाडं नव्हे. पीजीत राहणाऱ्या तुझ्या मावसबहिणीला सांग की भाड्याची सूट पीजीलाही मिळते. मालक पावतीपुस्तक काढत नसेल तर निदान पैसे रोख देऊ नको. रोखच द्यावे लागले आणि रक्कम ५,००० च्या वर असेल तर पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प हवा.

कंपनी एवढे कागद का मागते, याचा राग मानू नका. २००९ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की कामगारानं प्रवास सवलत खरंच वापरली का, याचे पुरावे गोळा करायचं बंधन कंपनीवर नाही. मग कायदाच बदलला. जून २०१५ पासून कंपनीनं पुरावे घ्यायचे असं कलम आलं, आणि जून २०१६ पासून त्यासाठी फॉर्म १२बीबी आला. म्हणून जानेवारीत तुमच्या त्या पोर्टलवर सगळं चढवायची घाई असते. पण ती तारीख चुकली म्हणून हक्क बुडत नाही. घरभाड्याची सूट कंपनीनं दिली नसली तरी रिटर्नमध्ये मागता येते. कागद मग कंपनीऐवजी तुमच्याकडे तयार असायला हवेत, इतकंच. एलटीसीची तिकिटं हरवली असतील तर उद्यान एक्स्प्रेसचं बुकिंग आयआरसीटीसीच्या खात्यात दिसेल, विमानाचं ईमेलमध्ये. फक्त प्रवासाचं भाडं धरायचं, हॉटेल-जेवण नाही.

या सगळ्याच्या मुळाशी असलेलं एक कलम नीट समजून घे. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवणं म्हणजे काय, हे कलम २७०ए मध्ये सांगितलंय. त्यात एक प्रकार आहे, कोणत्याही पुराव्यानं सिद्ध न होणारा खर्च दाखवणं. दंड कराच्या दोनशे टक्के. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसानं एक लाखाचा असा खर्च दाखवला, तर सेससह कर ३१,२०० रुपये, दंड ६२,४००, वर व्याज. पण कलमाचे शब्द बघ. ‘पावती नसलेला खर्च’ असं तिथे म्हटलेलं नाही, कोणताही पुरावा नसलेला खर्च असं म्हटलंय. पावती हा पुराव्यातला एक प्रकार. ती हरवली तर दुसरे उभे करायचे. तुमच्या पिढीला तर ते फार सोपं आहे, कारण तुमचा बहुतेक पैसा कुठे ना कुठे नोंद ठेवूनच हातातून जातो.

खोक्यातलं परत जमवायला बसशील तेव्हा सुरुवात बँकेच्या पासबुकापासून कर. आधी वर्षाचं पूर्ण विवरण उतरवून घे, खात्याचं आणि क्रेडिट कार्डाचं, आणि कामाच्या खर्चापुढे खूण कर. बँकेची नोंद पैसे कुणाला गेले ते सांगते, कशासाठी गेले ते सांगत नाही. ते दुसऱ्या कागदानं सांगायचं. लॅपटॉप ऑनलाइन घेतला असशील तर विक्रेत्याच्या संकेतस्थळावर तुझ्या खात्यात बिल अजून असेल. दुकानातून घेतला असेल तर दुकानदाराला तारीख आणि कार्डाचे शेवटचे आकडे सांगून बिलाची दुसरी प्रत माग. वॉरंटीसाठी नंबर नोंदवला असशील तर तोही उपयोगी. घसारा घ्यायची वेळ येईल तेव्हा संगणकावर तो चाळीस टक्के असतो, वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्मा. पण दहा हजारांच्या वरची वस्तू रोखीनं घेतलीस तर त्या रकमेवर घसारा मिळतच नाही, बिल असलं तरी. रोजच्या खर्चालाही तेच: एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिले तर तो खर्च नाकारला जातो.

कॅबची बिलं ईमेलमध्ये, मोबाइल-इंटरनेटची कंपनीच्या अ‍ॅपमध्ये, टोलचा हिशेब फास्टॅगच्या विवरणात. जीएसटीत नोंदणी केलेली असेल आणि विक्रेत्यानं तुझा क्रमांक घालून बिल केलं असेल, तर ते जीएसटीआर-२बी मध्ये उमटतं, कागद हरवला तरी. मात्र त्यावरचा परतावा घ्यायला बिल हातात हवंच, म्हणून दुसरी प्रत मिळवायचीच. ग्राहकाला भेटायला कुठे गेलीस ते तुझ्या कॅलेंडरमध्ये आणि ईमेलच्या देवाणघेवाणीत असेल. कोरमंगल्यात बैठक होती हे ईमेल सांगते, त्याच दिवशी कोरमंगल्याला जाणारी कॅब आहे, आणि त्या महिन्याचं त्या ग्राहकाचं बिल आहे. हे तीन कागद एकमेकांना धरून उभे राहिले की चौथ्या पावतीवाचून फारसं अडत नाही.

पेट्रोल पंपावरचे आणि कार्ड मशीनचे ते गुळगुळीत कागद काही महिन्यांत पांढरे फटक पडतात. हातात आल्या क्षणी त्यांचा फोटो काढायचा. नंतर नाही, तिथेच उभं राहून.

आता उरतो तो खरोखरच पावती नसलेला खर्च. रिक्षा, हमाल, झेरॉक्सवाला, टपरीवरचा चहा. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागानं यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या, तेव्हा बंगळुरूत कितीतरी टपऱ्यांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या होत्या. अशा ठिकाणी तुझ्या फोनमध्येही काही उमटत नाही. तिथे स्वतःचं व्हाउचर करायचं. हे काही पळवाट नव्हे. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद अशा ठरावीक व्यवसायांच्या वह्यांसाठी असलेल्या नियम ६एफ मध्येच लिहिलंय की जिथे पावती मिळत नाही आणि खर्च पन्नास रुपयांपर्यंतचा आहे, तिथे स्वतः करून सही केलेलं व्हाउचर चालतं. पन्नासाचा आकडा आजच्या बंगळुरूत फारच तोकडा आहे. ऑगस्ट २०२५ पासून मीटरच्या रिक्षाचं पहिल्या दोन किलोमीटरचं भाडंच ३६ रुपये आहे. त्याहून मोठ्या रकमेचं नुसतं घरगुती व्हाउचर असेल, तर अधिकारी बहुतेकदा त्यातला काही भाग सरसकट नाकारतात. म्हणून व्हाउचर करशील ते नेमकं कर.

नेमकं म्हणजे कसं, ते केंद्र सरकारच्या प्रवासभत्त्याच्या नियमांवरून शिक. सातव्या वेतन आयोगानंतर जुलै २०१७ च्या आदेशानं आठव्या स्तरापर्यंतच्या कर्मचाऱ्यांना शहरातल्या प्रवासाचा खर्च ठरलेल्या मर्यादेत पावतीशिवाय, स्वतःच्या प्रमाणपत्रावर मिळायला लागला. पण त्या प्रमाणपत्रात वाहनाचा क्रमांक वगैरे तपशील लिहायचा असतो. तूही तसंच कर: तारीख, कुठून कुठे, कशासाठी, कुणाला भेटायला, रिक्षाचा नंबर, रक्कम, सही. त्याच दिवशी. ‘स्थानिक प्रवास, मार्च, ४,००० रुपये’ अशा एका ओळीला कवडीची किंमत नाही. तेच चार हजार बावीस ओळींत, वेगवेगळ्या तारखांना, वेडेवाकडे आकडे घेऊन आले, १३७, ८५, २१०, तर वाचणाऱ्याला ते जगलेले वाटतात.

माझा चुलतभाऊ नगरथपेटेत गलाईचं काम करतो, तुला माहीतच आहे. विट्याकडची, खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायला साऱ्या देशभर गेली, तशी आपलीही. त्याचा धंदा सगळा बारीकसारीक खर्चाचा: गॅस, तेजाब, मुशी, पोरांची मजुरी, त्यांचं जेवण. ठरवलं तर तोही कलम ४४एडी खाली रोखीच्या जमेवर आठ आणि बँकेतून आलेल्या जमेवर सहा टक्के नफा दाखवून मोकळा होऊ शकतो. पण त्याला बँकेचं कर्ज हवं होतं आणि खरा नफा-तोटा बघायचा होता, म्हणून तो वह्या ठेवतो. त्याच्या वडिलांनी त्याला लावलेली सवय तू उचल. दुकान बंद करताना रोजमेळ लिहायचा, गल्ल्यातले पैसे मोजायचे, वहीतली शिल्लक आणि गल्ला जुळला की मगच कुलूप. मजुरीच्या वहीत दर शनिवारी पोरांच्या सह्या. त्याच्याकडे कित्येक खर्चांची छापील पावती नाही, पण वही रोजची आहे आणि गल्ला तिच्याशी जुळतो, आणि अशा वहीवर विश्वास ठेवला जातो. मार्चच्या शेवटी एका बैठकीत, एकाच पेनानं लिहून काढलेली वही उघडली की लगेच ओळखू येते. मी तशा पुष्कळ बघितल्या आहेत.

आणि आता ज्याची मला खरी भीती वाटते ते सांगते. रिटर्नबरोबर एकही कागद जोडावा लागत नाही. भारतभरातली रिटर्न तपासणारं केंद्र आपल्या इलेक्ट्रॉनिक सिटीतच आहे, आणि तिथलं पहिलं काम यंत्रच करतं. त्यामुळे लोकांना वाटतं, टाकलेला आकडा खपला. ‘रिफंड मिळवून देतो, त्यातले इतके टक्के माझे’ म्हणणारे लोक याच गैरसमजावर जगतात. जानेवारी २०१८ मध्ये याच शहरात प्राप्तिकराच्या तपास शाखेनं अशी टोळी उघड केली. नावाजलेल्या आयटी कंपन्यांतले कर्मचारी एका कर सल्लागारामार्फत खोटे परतावे घेत होते, आणि पुढे सीबीआयनंही गुन्हा नोंदवला. त्याच एप्रिलमध्ये इथल्या केंद्रानं पगारदारांना जाहीर ताकीद दिली, आणि सरकारी कर्मचारी सापडला तर त्याच्या दक्षता विभागाला कळवू असंही त्यात होतं. शिकलेली, चांगल्या पगाराची पोरं होती ती. सही त्यांची होती, म्हणून उत्तरही त्यांनाच द्यावं लागलं. १४ जुलै २०२५ ला खात्यानं देशभर पुन्हा अशी मोहीम काढली, घरभाडं, देणग्या, शैक्षणिक कर्ज, वैद्यकीय विमा यांच्या खोट्या दाव्यांवर. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपणहून १,०४५ कोटींचे दावे मागे घेतले होते.

तुझ्या ओळखीत कुणी असं करून बसलं असेल तर त्याला घाबरवू नकोस, वाट दाखव. अद्ययावत रिटर्न भरायची मुदत आता चार वर्षांची आहे. उशीर होत जाईल तसा जादा कर चढतो, पहिल्या वर्षात २५ टक्के, मग ५०, ६०, ७०. महाग आहे, पण दोनशे टक्क्यांच्या दंडापुढे स्वस्त. नोटीस येण्याआधी भरलेलं बरं, नंतर ती वाट बंद होऊ शकते.

नोटीस आलीच तर आता समोर बसून समजावून सांगायची सोय फारशी राहिलेली नाही. २०१९-२० पासून तपासणी चेहराविरहित झाली आहे, अधिकारी कुठल्या गावचा हेही कळत नाही. आमच्या वेळी माणूस बघून थोडंफार समजून घेतलं जायचं. आता जे सांगायचं ते पोर्टलवर चढवलेल्या कागदांनी. म्हणून प्रत्येक मोठ्या खर्चामागे दोन ओळींचं टिपण ठेव: काय घेतलं, कोणत्या कामासाठी, पावती का नाही, त्याऐवजी काय जोडलंय. ‘पावती घर बदलताना गहाळ झाली, विक्रेत्याची दुसरी प्रत आणि बँकेची नोंद सोबत’ असं सरळ लिही. हरवलं ते हरवलं म्हणायला लाजू नकोस.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत. २०२५-२६ चं रिटर्न मात्र जुन्या कायद्यानंच भरायचंय, म्हणून मी जुनेच आकडे सांगितले. पुढच्या वर्षीपासून सीएला नवे विचारून घे. त्याच वेळी आगाऊ कराचंही विचार, ४४एडीए वाल्यांना तो १५ मार्चपर्यंत एका हप्त्यात भरता येतो. आणि कागद किती वर्षं ठेवायचे? नियम ६एफ मध्ये करनिर्धारण वर्ष संपल्यापासून सहा वर्षं सांगितलीत, तीच मुदत तू धर. म्हणजे या वर्षाची फाइल ३१ मार्च २०३३ पर्यंत. एक प्रत घरातल्या कपाटात आणि एक तुमच्या त्या क्लाउडवर.

या आठवड्यात आधी ओनरला फोन कर. सणाला गावी गेला की तो पंधरा दिवस सापडत नाही, आणि पॅन त्याच्याकडेच आहे.